जॅझमध्ये कॅनडाचं घराणं आहे का?

सूरपेटी

परवा भाजीच्या दुकानात सुट्टे परत घेताना एक डॉलरचं नाणं हातात आलं. इथे कॅनडात एक डॉलरवर एरवी लून नावाचा पाणपक्षी असतो. ह्या नाण्यावर मात्र जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसन. २०२२ साली इथल्या टांकसाळीने ते चलनात आणलं. मी टोरोंटोजवळच्या मिसिसागात राहते. पीटरसन ह्याच गावात राहायचे आणि २३ डिसेंबर २००७ ला इथेच गेले. नाणं खर्च करवेना. घरी आणून पेटीवर ठेवलंय.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. जॅझचा इतिहास काढला की न्यू ऑर्लिन्स, शिकागो, न्यूयॉर्क एवढंच येतं. पण पीटरसन माँट्रियलचे. पियानोवाला पॉल ब्ले आणि ट्रम्पेटवाला मेनार्ड फर्ग्युसनही तिथलेच. अरेंजर (वाद्यमेळाची बांधणी लिहिणारा) गिल एव्हान्स आणि ट्रम्पेटवाला केनी व्हीलर टोरोंटोत जन्मले. गायिका-पियानिस्ट डायना क्राल नानाइमोची. मग कॅनडाने जॅझला काही दिलं, की नुसती माणसं जन्माला घालून दक्षिणेला, अमेरिकेला पाठवून दिली?

माझं मत आधीच सांगते: दिलं. आणि त्याची मुळं माँट्रियलमधल्या एका रेल्वेवस्तीत आहेत. तिचं नाव लिटल बर्गंडी. स्लीपरच्या डब्यांत बिछाने घालायचे, प्रवाशांचे बूट पुसायचे, सामान उचलायचं, ही पोर्टरची कामं त्या काळी कृष्णवर्णीय माणसांकडे असत आणि रेल्वेत त्याहून वरचं काम त्यांना मिळत नसे. ऑस्करचे वडील डॅनियल पीटरसन कॅरिबियन बेटांवरून आलेले, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेत पोर्टर होते. घरात पाच मुलं. फेरीवर निघताना ते प्रत्येकाला वाद्याचा धडा नेमून द्यायचे आणि परतल्यावर वाजवून घ्यायचे. मधल्या दिवसांत शिकवायची जबाबदारी मोठ्या बहिणीची, डेझीची. ऑस्कर आधी ट्रम्पेट वाजवायचा. लहानपणी क्षय झाला, ट्रम्पेट सुटला आणि पियानो उरला.

पुढे तो पॉल डी मार्की ह्या हंगेरियन गुरूंकडे शिकला. डी मार्कींचे गुरू इश्तवान तोमान, आणि तोमान हे एकोणिसाव्या शतकातला थोर पियानोवादक फ्रांत्स लिस्ट ह्याचे शिष्य. म्हणजे पोर्टरचा मुलगा तिसऱ्या पिढीत थेट लिस्टला जाऊन भिडतो. ह्याला आपण घराणं नाही तर काय म्हणतो?

जाणकारांनी लिहावं.

रेघोटी

नाणं पेटीवर ठेवलंत हे फार आवडलं. वाचतेय.

खर्जातला

सूरपेटीताई, लेख मनापासून लिहिलाय, पण असहमत.

घराणं म्हणायला गायकी एक लागते. आवाजाचा लगाव, बढतीची रीत, लयीशी नातं, ह्यात काहीतरी समान हवं. पीटरसन म्हणजे सुरांची झड. डाव्या हाताची चाल घड्याळासारखी, उजव्या हाताला उसंत नाही. आणि पॉल ब्ले? एक सूर लावील, तो पूर्ण विरेपर्यंत थांबील, मग दुसरा. एकाच गावचे दोन पियानोवाले, सात वर्षांच्या अंतराने जन्मलेले, आणि एकाचं दुसऱ्याशी काहीही जुळत नाही.

बाकीच्यांचं तर विचारूच नका. गिल एव्हान्स १९१२ साली टोरोंटोत जन्मला हे खरं, पण वाढला कॅलिफोर्नियात. एव्हान्स हे आडनावही सावत्र वडिलांचं. केनी व्हीलर १९५२ मध्ये इंग्लंडला गेला आणि मरेपर्यंत तिथलाच राहिला. जन्मदाखला बघून घराणं ठरत नाही.

डबलबास

खर्जातला, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण 'अमेरिकेला पाठवून दिली' असं सरसकट म्हणता येणार नाही. पीटरसनना बोलवायला अमेरिका माँट्रियलला आली होती. जॅझच्या मैफली भरवणारा अमेरिकन नॉर्मन ग्रांझ, त्याचा किस्सा बहुतेकांना माहीत असेल, तरी लिहितो.

१९४९. ग्रांझ टॅक्सीने माँट्रियलच्या विमानतळाकडे निघालाय. रेडिओवर पियानो चालू आहे. रेकॉर्ड कुणाची, असं तो विचारतो. ड्रायव्हर म्हणतो, रेकॉर्ड नाही, इथल्याच अल्बर्टा लाउंज क्लबातून ऑस्कर पीटरसनचं थेट प्रसारण चालू आहे. ग्रांझने गाडी वळवायला लावली. विमान राहिलं.

त्याच वर्षी १८ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ग्रांझचा कार्यक्रम. ऑस्करकडे अमेरिकेत काम करायचा परवाना नाही. म्हणून त्याला प्रेक्षकांत बसवलं आणि 'आज आपल्यात एक पाहुणे आहेत' अशा थाटात वर बोलावलं. साथीला बेसवर रे ब्राउन. चोविशीतला मुलगा, समोर भरलेला कार्नेगी हॉल. दुसऱ्या दिवसापासून तो माँट्रियलपुरता राहिला नाही.

बांद्रा_पश्चिम

आमच्या घरी बाबांकडे पीटरसनची 'नाइट ट्रेन' होती. बाबा पश्चिम रेल्वेत मोटरमन. इंग्रजी गाणी त्यांना फारशी कळायची नाहीत, पण रात्रपाळीवरून आले की आंघोळ करून ही एलपी लावायचे आणि डोळे मिटून पडायचे. पोर्टरच्या मुलाने वाजवलेली ही रेकॉर्ड आहे, हे मला आज ह्या धाग्यावर कळलं. बाबांना माहीत होतं की नाही, आता विचारायची सोय नाही.

शेवटचा तुकडा 'हिम टू फ्रीडम'. अगदी साधी चाल, चर्चमधल्या भजनासारखी, आणि हळूहळू चढत जाते. १९६२ चं रेकॉर्डिंग. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीत ती चाल पुढे गायली गेली. इतके सूर हाताशी असलेला माणूस तिथे किती थोडं वाजवतो ते ऐका.

रेघोटी

@बांद्रा_पश्चिम, आत्ता लावलं. दोनदा ऐकलं. काही लिहवत नाही.

अनवट

पॉल ब्लेचं नाव निघालंय तर थोडं सविस्तर लिहितो, कारण त्याच्यावर मराठीत फारसं कुणी बोलत नाही.

पीटरसन अल्बर्टा लाउंज सोडून गेले, तेव्हा त्यांच्या जागी बसला तो हाच ब्ले. वय १७ च्या आसपास. म्हणजे स्टूल तोच, पियानो तोच. पण ह्या मुलाला त्या वाटेने जायचंच नव्हतं. माँट्रियलमध्ये त्याने मित्रांबरोबर जॅझ वर्कशॉप सुरू केलं आणि १९५३ च्या फेब्रुवारीत थोर सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर ह्याला तिथे वाजवायला आणलं. वीस वर्षांचं पोरगं पार्करला साथ करतंय!

१९५८ मध्ये लॉस एंजेलिसच्या हिलक्रेस्ट क्लबात त्याच्या बँडमध्ये दोन नवे वादक आले: सॅक्सोफोनवर ऑर्नेट कोलमन आणि ट्रम्पेटवर डॉन चेरी. बेसवर चार्ली हेडन, ड्रम्सवर बिली हिगिन्स आधीपासून होते. फ्री जॅझ म्हणून जे पुढे जगाने ऐकलं, ते त्या क्लबात रोज रात्री आकाराला येत होतं, आणि बँड ब्लेचा होता. पियानोवाल्याचं कामच स्वरसंगती (कॉर्ड) धरायचं, मग ज्याला स्वरसंगतीच सोडायची आहे त्या कोलमनबरोबर पियानोवाल्याने वाजवायचं काय? ब्लेने ह्या प्रश्नावर आयुष्य घालवलं. उत्तर हवं असेल तर १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेला 'ओपन, टू लव्ह' ऐका. एकटा पियानो. सूर सुटल्यानंतरची शांतता तो सुराइतकीच मन लावून वाजवतो. नंतरचा पियानोवाला कीथ जॅरेट, त्याच्यावर ह्याची सावली स्पष्ट आहे.

खर्जातला, तुम्ही म्हणता पीटरसन आणि ब्लेमध्ये काही जुळत नाही. मला वाटतं ब्ले तसा झाला ह्याचं एक कारण तो पीटरसनच्या स्टुलावर बसला होता हेच असावं. तिथे बसून तेच वाजवण्यात अर्थ नव्हता.

खर्जातला

@अनवट, शेवटचा परिच्छेद पटला. असा विचार केला नव्हता.

पण हिलक्रेस्ट क्लब लॉस एंजेलिसला होता, माँट्रियलला नाही. माझा मूळ मुद्दा कायम.

गोंयकार

गिल एव्हान्सबद्दल एक सांगतो. त्याचं खरं काम पियानोचं नाही, अरेंजरचं. आणि आम्हां गोव्याच्या माणसांना अरेंजर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. माझे आजोबा व्हायोलिन वाजवायचे. ते म्हणायचे, धून सगळ्यांना ऐकू येते, पण ती कशावर उभी आहे ते अरेंजरलाच ठाऊक.

एव्हान्स आधी क्लॉड थॉर्नहिलच्या बँडसाठी लिहायचा. त्या बँडमध्ये फ्रेंच हॉर्न होते, पुढे टुबाही आला. न्यूयॉर्कच्या ५५ व्या रस्त्यावर एव्हान्सचं तळघर, चिनी लॉन्ड्रीच्या मागे. दार कायम उघडं. माइल्स डेव्हिस, जेरी मलिगन, जॉन लुईस तिथे पडीक असायचे. त्या बोलण्यातून नऊ जणांचा बँड निघाला, १९४९-५० मध्ये रेकॉर्डिंग झाली, आणि ती पुढे 'बर्थ ऑफ द कूल' नावाने एकत्र आली. थॉर्नहिलचा मोठा, ढगासारखा आवाज कमीत कमी किती वाद्यांत मावतो, हा त्यामागचा हिशेब. नंतर माइल्सबरोबर 'माइल्स अहेड', 'पोर्गी अँड बेस', 'स्केचेस ऑफ स्पेन'. ट्रम्पेट माइल्सचा, पण तो ज्या हवेत श्वास घेतो ती एव्हान्सची.

आता ह्याला कॅनेडियन म्हणायचं का? खरं सांगायचं तर नाही. जन्म सोडला तर टोरोंटोचा त्यात काही वाटा नाही. ह्या एका बाबतीत मी खर्जातल्यांच्या बाजूने.

शुभ्रा_नाशिक

मला ह्यातलं शास्त्र कळत नाही, पण मी जॅझकडे वळले ती डायना क्रालमुळे. कॉलेजात असताना मैत्रिणीने कॅसेट दिली होती. आधी वाटलं बाई गुणगुणतेय. मग लक्षात आलं की ती ओळ जरा उशिरा टाकते, पियानो तिची वाट बघतो, आणि पियानोही तिचाच. तिच्यामुळे मी जुन्या काळचा गायक-पियानोवाला नॅट किंग कोल, त्याच्यापर्यंत पोचले.

अनवट

क्राल गोड आहे, पण त्यात नवीन काय? पियानो, गिटार, बेस ही रचना नॅट कोलची, पन्नास वर्षं जुनी.

डबलबास

@अनवट, ही रचना पीटरसनचीही. हर्ब एलिस गिटारवर, रे ब्राउन बेसवर, १९५३ ते १९५८. ड्रम्स नाहीत, म्हणून लय तिघांनी मिळून धरायची. क्रालने १९९६ मध्ये कोलला वाहिलेला 'ऑल फॉर यू' ह्याच बांधणीत केला. शुभ्राताई एका कॅसेटवरून कोलपर्यंत गेल्या, हे नव्याइतकंच मोलाचं आहे.

घाटवाट

गायिका जोनी मिचेल राहिली! जन्म अल्बर्टाचा. लोक तिला फोकमध्ये टाकतात, पण 'हेजिरा'मध्ये जाको पास्टोरियसचा बेस ऐका. १९७९ मध्ये तिने बेसवाल्या चार्ल्स मिंगसबरोबर सुरू केलेला अल्बम त्याच्या मृत्यूनंतर पुरा केला. आणि जॅझ पियानिस्ट हर्बी हॅनकॉकने तिच्या गाण्यांवर केलेल्या 'रिव्हर'ला २००८ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. जॅझवाल्यांनी तिची गाणी आपल्यात घेतली, ह्याहून मोठा प्रभाव कुठला?

अवांतर: मेनार्ड फर्ग्युसनचं भारताशी नातं कुणी लिहिलं नाही. माँट्रियलच्या व्हर्डनमध्ये जन्मलेला हा ट्रम्पेटवाला स्टॅन केंटनच्या बँडमध्ये इतक्या वरच्या सप्तकात वाजवायचा की बाकीचे ट्रम्पेटवाले ऐकत राहायचे. तोच माणूस साठच्या दशकाच्या अखेरीस भारतात आला आणि मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली शाळेत शिकवत होता. कृष्णमूर्तींची शाळा. सत्यसाईबाबांवरही त्याची श्रद्धा होती, ती शेवटपर्यंत टिकली.

बांद्रा_पश्चिम

भारताशी नातं म्हणाल तर ड्यूक एलिंग्टन पीटरसनना 'कीबोर्डचे महाराजा' म्हणायचे!

रेघोटी

रेनी रोझनेसही आहे. सस्कॅचवनच्या रेजायनात जन्मलेली पियानिस्ट, बाळ असताना दत्तक गेलेली. मोठेपणी जन्मदात्या आईची भेट झाली, आणि तेव्हा आपलं मूळ पंजाबी असल्याचं कळलं. त्यानंतरच्या अल्बमचं नाव 'अँसेस्टर्स'. मी तो एकदा प्रवासात ऐकला आणि उतरायचं स्टेशन गेलं.

पायवाट_टोरोंटो

इथल्यांच्या वतीने एक भर. सगळे गेले असं नाही. एड बिकर्ट राहिला.

गिटारवाला. हातात फेंडर टेलिकास्टर, म्हणजे कंट्री आणि रॉकवाल्यांची गिटार, जॅझवाले जिला सहसा हात लावायचे नाहीत. तिच्यातून तो इतके भरगच्च कॉर्ड काढायचा की पियानोची उणीव भासायची नाही. गिटारवाल्या जिम हॉलने सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडला त्याचं नाव सुचवलं. डेझमंडने त्याला १९७४ मध्ये अमेरिकेत रेकॉर्डिंगसाठी बोलावलं, आणि मग त्याच्याबरोबर वाजवायला स्वतः टोरोंटोला आला. रॉब मॅकॉनलचा बॉस ब्रास हा मोठा बँडही १९६८ पासून इथलाच, त्यातही बिकर्ट होता.

आणि टोरोंटोचा मॅसी हॉल विसरू नका. १५ मे १९५३. पार्कर, गिलेस्पी, बड पॉवेल, मिंगस, मॅक्स रोच, पाचही जण एकाच मंचावर. पार्करच्या हातात प्लास्टिकचा सॅक्सोफोन. त्याच रात्री शिकागोत मार्सियानो-वॉलकॉट मुष्टियुद्ध, त्यामुळे हॉल पुरता भरलाही नव्हता. तरी त्या रेकॉर्डिंगचं आजही पारायण होतं.

खर्जातला

मॅसी हॉलवरचे पाचही अमेरिकन!

पायवाट_टोरोंटो

हो, पण त्यांना एकत्र आणलं टोरोंटोतल्या काही जॅझवेड्या तरुणांच्या संस्थेने. अमेरिकेत ते कुणाला जमलं नव्हतं. ऐकणारा कान हीसुद्धा देणगीच.

डबलबास

सगळ्यात जुना माणूस राहिलाच. शेल्टन ब्रूक्स, जन्म १८८६, ओंटारिओचं अ‍ॅमहर्स्टबर्ग. डेट्रॉइट नदीच्या काठचं हे गाव. गुलामगिरीतून निसटलेली माणसं नदी ओलांडून इथे यायची आणि मोकळी व्हायची. ब्रूक्सने १९१० मध्ये 'सम ऑफ दीज डेज' लिहिलं आणि १९१७ मध्ये 'डार्कटाउन स्ट्रटर्स बॉल'. हे दुसरं गाणं त्याच वर्षी ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडने रेकॉर्ड केलं. जॅझच्या तबकड्या निघायला लागल्या ते हेच वर्ष. म्हणजे पहिल्या पानावरच कॅनडाचा माणूस आहे.

शुभ्रा_नाशिक

नदी ओलांडली की मोकळे, हे वाचून बरं वाटलं. म्हणजे कॅनडात त्यांना चांगलं वागवत असणार.

सूरपेटी

शुभ्राताई, तितकं सरळ नव्हतं. १९५१ मध्ये पीटरसन जगभर नावाजले गेले होते, आणि ओंटारिओच्याच हॅमिल्टनमध्ये एका न्हाव्याने त्यांचे केस कापायला नकार दिला. तरुणपणी जॉनी होम्सच्या बँडमध्ये असताना ते एकटेच कृष्णवर्णीय, आणि एका बड्या हॉटेलाला ते मंचावर नको होते. होम्स अडून बसले, म्हणून वाजवता आलं. गुलामगिरी नव्हती, अपमान होता. हे वगळून लिटल बर्गंडी समजणार नाही.

आता खर्जातल्यांना उत्तर. चार दिवस सगळ्यांचं वाचून मी एक पाऊल मागे येते. एव्हान्स सोडला. व्हीलरही सोडते.

खर्जातला

व्हीलर तुम्ही सोडला तरी मी सोडणार नाही! देश कुठलाही असो, १९७५ चा 'नू हाय' रात्री दिवा मालवून ऐका. फ्लूगलहॉर्नचा तो आवाज ट्रम्पेटपेक्षा गोल आणि ओलसर. बाजूला पियानोवर जॅरेट, बेसवर हॉलंड, ड्रम्सवर डिजॉनेट. वरच्या सुरावर झेप घेतो आणि तिथे क्षणभर चिरकतो, ते चिरकणंच जीव काढतं. वडिलांच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर मी महिनाभर हेच ऐकत होतो.

बोला, तुमचं पुढचं वाक्य अर्धं राहिलं.

सूरपेटी

(व्हीलर तुमचा. आज रात्री ऐकते.)

अख्ख्या कॅनडाचं घराणं नाही, हे मान्य. पण लिटल बर्गंडीचं आहे. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे जाऊन आले. ऑस्करच्या नावाची बाग आहे, एका इमारतीच्या भिंतीवर त्याचं भलंमोठं चित्र आहे. पोर्टर मंडळींनी १९०७ मध्ये उभं केलेलं युनियन चर्च आहे. रॉकहेड्स पॅराडाइज १९२८ मध्ये सुरू झालं तेही रुफस रॉकहेड ह्या माजी पोर्टरने. पलीकडे अमेरिकेत दारूबंदी, त्यामुळे वादक आणि गिऱ्हाइकं दोन्ही इकडे वळली. वस्तीतल्या मुलांच्या कानांवर रोज रात्री ते पडत होतं.

आणि दिवसा त्यांना शिकवत होती डेझी. ऑस्करची तीच मोठी बहीण, पुढे डेझी पीटरसन स्वीनी. वडिलांनी फेरीवर जाताना टाकलेली जबाबदारी तिने आयुष्यभर उतरवून ठेवली नाही. शेजारपाजारची मुलं तिच्याकडे येत. त्यांतलाच एक ऑलिव्हर जोन्स, जन्म १९३४, पुढे स्वतः मोठा पियानिस्ट. त्याची बोटं ऐकली की ऑस्करचा भास होतो. खर्जातला, तुम्ही 'बढतीची रीत' म्हणालात ना, ती इथे आहे.

१९९३ मध्ये ऑस्करना पक्षाघात झाला, डावा हात अधू झाला. तरी दोनेक वर्षांत ते पुन्हा मंचावर आले. जोन्स १९९९ मध्ये निवृत्त झाले होते. २००४ मध्ये माँट्रियल जॅझ महोत्सवाचं पंचविसावं वर्ष, तेव्हा ते निवृत्ती मोडून ऑस्करबरोबर वाजवायला आले. एका मंचावर डेझीचे दोन विद्यार्थी, एक सत्तरीचा, एक ऐंशीला टेकत आलेला.

खर्जातला

लिटल बर्गंडी मान्य. डेझीबाईंना नमस्कार.

ताई, त्या २००४ च्या मैफलीतलं काही ऐकायला मिळेल का? आणि ऑलिव्हर जोन्सचं पहिलं काय ऐकू?

बांद्रा_पश्चिम

मलाही हवंय.